सध्याचा पत्ता

९ जानेवारी

आत्या,

लांबूनच वाकते. तू उठू नकोस, लेकीकडे आहेस तर ताईला करू दे, पाय वर घेऊन बस.

दोन बातम्या आहेत. पहिली, दादा वॉर्डाच्या निवडणुकीला उभा राहतो आहे. अपक्ष. वहिनी म्हणाली, "लिफ्ट दुरुस्त करून दोन घास सुखाने खातोय, ते बघवत नाही का तुम्हाला?" तर तो म्हणतो, "लिफ्ट उघडायला गेलो की प्रत्येक मजल्यावर एक गाऱ्हाणं ऐकतो. हात काळे झालेलेच आहेत, कानही किटले. आता काहीतरी करूनच बघतो." समोर चष्म्याच्या दुकानाचा मालक, आपला चष्मेवाला आहे, दोन वेळा निवडून आलेला.

दुसरी बातमी माझी. मतदारयादीच्या पडताळणीसाठी कॉलेजच्या ग्रंथालयातून मला बोलावलं आहे, आणि तेही आपल्याच वॉर्डासाठी. मी साहेबांना आधीच सांगितलं की माझा भाऊ उभा राहण्याच्या विचारात आहे. ते म्हणाले, "अर्ज भरलाय का त्यांनी? नाही ना? ते भरेपर्यंत तुमचं काम संपेल. आणि बाई, एवढे जिने चढायला मला दुसरं कोण मिळणार?" मला ते पुरेसं वाटलं नाही, पण नकारही देता आला नाही.

काम असं: प्रत्येक दारावर जायचं, यादीतली माणसं तिथे राहतात का विचारायचं. दार बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या. सहा महिन्यांहून जास्त कुणी नसेल तर फॉर्म भरायचा, दारावर नोटीस चिकटवायची, सात दिवस थांबायचं. उत्तर आलं नाही तर नावापुढे 'स्थलांतरित' लिहून नावावर आडवी रेघ. ती रेघ मी पट्टी लावून मारते. बाकीचे हसतात. तू मला हे नाव उगीच ठेवलं नव्हतंस.

तीन दिवसांत एकशे दहा दारं झाली. डोळे मिटले तरी कड्या आणि पायपुसणीच दिसतात. एका जागी बसवत नाही.

तुझी खोली ठीक आहे. गुरुवारी झाडून घेते.

तुझी,
पट्टी

---

१७ जानेवारी

पट्टी,

ताई तुझं पत्र मोठ्याने वाचायला लागली, मी ते हिसकावून घेतलं. बहिरी झाले आहे, आंधळी नाही. तूही फोन करू नकोस. फोनवर मला सोडून घरातल्या सगळ्यांना ऐकू येतं.

दादा उभा राहतोय, छान झालं. तुझ्या त्या यादीतली निम्मी माणसं मी पायाला धरून उलटी केलेली आहेत. तो चष्मेवालासुद्धा. जन्मला तेव्हा रडेना. दोन चापट्या मारल्या तेव्हा कुठे तोंड उघडलं, ते अजून मिटलेलं नाही.

मतदानाला मी येणार. त्या वॉर्डात मी एकही मतदान चुकवलेलं नाही. एकदा एका बाईला कळा सुरू असताना धावत जाऊन मत देऊन आले आणि बाळ यायच्या आत परत हजर झाले. तेव्हा या पायाचं मला काही सांगू नका. आपल्या घराचा नंबर पहिला, म्हणून माझं नाव पहिल्याच पानावर असतं. बघून ठेव.

खिडकीतल्या खुर्चीवर काही ठेवू देऊ नकोस, तिचा वेत सुटत आलाय. आणि पलंगाखालची माझी ट्रंक कुणी उघडायची नाही. तीत बाळंतपणांची वही आहे.

हॉलमधून, टीव्हीच्या शेजारून,
आत्या

---

२ फेब्रुवारी

आत्या,

उशीर झाला. यादी परवा ऑफिसात दिली. त्यानंतरच मी दादाच्या कागदांना हात लावला, तोवर एक अक्षरही वाचलं नव्हतं.

त्याने अर्ज भरला. त्याला चिन्ह कुठलं मिळालं, ओळख. शिडी! सगळ्या चाळीत हसाहस चालली आहे. लिफ्टवाल्याने स्वतःच कबूल केलं म्हणतात, लिफ्टचा भरवसा नाही.

काल कोपऱ्यावर त्याची पहिली सभा झाली. स्टुलावर चढला आणि पहिली दोन मिनिटं घसाच साफ करत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "कितव्या मजल्यावर अडकलास?" मग मात्र चांगला बोलला. त्याचा मुद्दा एकच आहे. जुन्या इमारतींतल्या माणसांना दुरुस्तीच्या नावाखाली 'थोडे दिवस' हलवतात, आणि ते थोडे दिवस कधी संपत नाहीत. "या वॉर्डातून एकाही माणसाला न विचारता हलवू देणार नाही," असं म्हणाला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग हात खाली घेतले.

त्याच्या पत्रकावर तुझा फोटो आहे, तो नर्सच्या टोपीतला. खाली 'नर्सबाईंचा पुतण्या'. पुढच्या पत्रकाची मुद्रितं आता मी तपासते आहे. तुझा फोटो छापायला तुझी परवानगी विचारावी असं मी म्हटलं होतं, पण तोवर छापून झालं होतं.

यादीचं काम नियमाप्रमाणे पूर्ण करून दिलं. तुझ्या खोलीत दादाने थोडं सामान ठेवलं आहे, निवडणुकीपुरतं.

पट्टी

---

११ फेब्रुवारी

पट्टी,

नियमाप्रमाणे म्हणालीस, म्हणजे मला पुढे विचारायला नको. लहानपणी खेळातसुद्धा तू स्वतःला बाद करायचीस.

फोटोचं राहू दे. म्हातारपणी तरी मी भिंतीवर लागले.

तिकीट काढलंय. ताई चिडली आहे. "या पायाने कुठे जातेस? एका मताने काय होतं?" म्हणाली. मी म्हटलं, एका मिनिटाने काय होतं ते मला विचार. पोरगी वाईट नाही. पण नातवाची परीक्षा, जावयाच्या बैठका, सगळं याच हॉलमध्ये. सकाळी पलंगाची घडी होते, त्याबरोबर माझीही. ती आंघोळीला गेली की मी चोरून एक जिना उतरते आणि चढते. काल दोन झाले.

मला खोलीत झोपायला जागा तेवढी करून ठेव. दादाचं सामान असेना का भिंतीला. किती दिवस राहणार ते विचारू नकोस. परतीचं तिकीट काढलेलं नाही, हे ताईला ठाऊक नाही. आता तुला सांगितलं.

आत्या

---

१९ फेब्रुवारी

आत्या,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली.

मतदानाला येऊ नकोस. शाळेच्या दाराशी सात पायऱ्या आहेत आणि यंदा रांग मोठी असणार. दादा दिवसभर बाहेर असेल, आणि माझी मतदानाची ड्यूटी शहराच्या दुसऱ्या टोकाला लागली आहे. उमेदवाराच्या नातेवाइकाला आपल्या वॉर्डात ठेवत नाहीत, ते योग्यच आहे. तुझ्याकडे बघायला घरात कुणी नसेल. पुढच्या महिन्यात ये, मी स्वतः न्यायला येते. निवांत राहा, हवं तितकं राहा.

कारण पाय हेच आहे. दुसरं काही मनात आणू नकोस.

पट्टी

---

८ मार्च

पट्टी,

तू येऊ नको म्हणालीस, तेव्हाच ठरवलं की जायचंच. बाई 'काही होत नाहीये' म्हणाली की नर्सने आधी चादर उचलून बघायची असते.

पाच तारखेला सकाळी स्टेशनवरून थेट शाळेत गेले. सात पायऱ्या चढले. रांगेत तिघांनी मला पुढे घातलं, एकीने कानाशी येऊन मोठ्याने विचारलं, "तुम्हीच ना त्या पत्रकावरच्या?" मी मान डोलावली. म्हटलं, बघा, पुतण्याचं एक पक्कं मत आलं.

टेबलावरच्या मुलीने पहिलं पान काढलं. बोट खाली नेलं, वर आणलं, पुन्हा खाली नेलं. मग यादी माझ्याकडे फिरवली, कारण बोललेलं मला कळेना. माझ्या नावावर रेघ. पुढे 'स्थलांतरित'. रेघ अगदी सरळ होती. तुझा हात मी दुरूनही ओळखते.

मुलगी बिचारी लिहून दाखवत होती, की तक्रार करता येईल. मी म्हटलं, नको, मागे लोक उभे आहेत.

मग घरी गेले. खोलीच्या दारावर माझंच तोंड, टोपी घालून. आत आठ-दहा माणसं होती. पलंग भिंतीला उभा केलेला, त्याला टेकून पत्रकांचे गठ्ठे. खुर्चीवर कर्णा. वेत आरपार गेलाय. एक जण कानाशी ओरडला, "काकू, चिठ्ठी हवी का?" माझ्याच घरात मला माझा खोली क्रमांक विचारला. मी दार ओढून बाहेर आले. माझ्या फोटोचा कोपरा सुटला होता, तो दाबायला गेले तर सगळाच हातात आला. खाली तुझी नोटीस. 'आपण या पत्त्यावर राहत नसल्याचे आढळले आहे.' तारीख, वीस जानेवारी. सही तुझी.

म्हणजे जानेवारीत मी लिहिलं, नाव बघून ठेव, तेव्हा तू ते बघितलंच होतंस.

ट्रंक तेवढी रिक्षात घालून आणली. संध्याकाळच्या गाडीने परत. ताईने भात वाढला.

दादा एकोणीस मतांनी आला असं कळलं. त्याला माझे आशीर्वाद सांग. आणि विचार, एकाही माणसाला न विचारता हलवणार नव्हता ना?

आत्या

---

१२ मार्च

आत्या,

ती नोटीस मी चिकटवली. वीस जानेवारीला सकाळी, शेजारच्या दोघांना साक्षीदार म्हणून उभं करून, आपल्याच घराच्या दारावर, तिथे नसलेल्या तुझ्या नावाची. शेजारचे आजोबा म्हणाले, "अगं, ती तुझी आत्या ना?" मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. सात दिवसांनी मीच बघायला गेले, उत्तर आलंय का. तोवर नोटिशीवर तुझा फोटो लागला होता. मी तो उचलून खाली पाहिलंसुद्धा नाही.

मी स्वतःला सांगत होते की हा निःपक्षपातीपणा आहे. उमेदवाराच्या घरातलं एक मत खोटं निघालं असतं तर चष्मेवाल्याने आकाशपाताळ एक केलं असतं. तू तिथे चौदा महिने नव्हतीस, हे खरंच होतं. स्वतःच्या घरापासून सुरुवात केली म्हणून ऑफिसात माझं नाव झालं. ते मला आवडलं, हेही लिहून ठेवते.

तुझं पत्र आल्यापासून मी ग्रंथालयात उभ्यानेच काम करते आहे. काल उठून निवडणूक ऑफिसात गेले आणि माझाच फॉर्म काढून मागितला. मला वाटत होतं, मी यादीशी खरं वागले आणि तुझ्याशी खोटं. तसं नाही. नववा रकाना आहे: 'सध्याचा पत्ता, माहीत असल्यास'. तो भरला की नोटीस त्या पत्त्यावर टपालानेही जाते. तिथे मी स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे, 'माहीत नाही'. त्याच महिन्यात मी तुला पाकीट पाठवलं होतं, पत्ता तोंडपाठ, पिनकोडसकट.

का, ते आता सांगते. दादाने सहा जानेवारीला खोलीची किल्ली मागितली होती. रस्त्याकडची खोली, कार्यालयाला दुसरी जागा नाही, "दोन महिने गं". मी दिली. नऊ तारखेला तुला लिहिलं, खोली ठीक आहे. नोटीस तुझ्याकडे आली असती तर तू ऑफिसला कळवलं असतंस की मी परत येणार आहे. मग नाव राहिलं असतं, खोली रिकामी करावी लागली असती, आणि दादाला नाही म्हणावं लागलं असतं. ते मला जमत नाही. म्हणून मी तुला पत्ता नसलेलं माणूस करून टाकलं.

साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "एकोणीस मतांचा फरक आहे, बाई. एका मताने निकाल बदलत नाही. कशाला अंगावर ओढून घेता?" मी म्हटलं, निकालासाठी नाही दिलं, फायलीला लावा. चौकशी होईल म्हणाले. होऊ दे.

मग घरी आले. खोलीत दादा हार घालून बसला होता, पुढ्यात माणसं. ती जाईपर्यंत थांबले. मग म्हटलं, "खोली रविवारपर्यंत मोकळी कर."

"वेडी झालीस? आता तर खरी गरज आहे. लोक भेटायला कुठे येणार?"

"जिन्याखाली टेबल मांड."

"नगरसेवकाने जिन्याखाली बसायचं?"

"लिफ्टवाला आहेस. जिन्याशी ओळख वाढव."

तो ओरडला. म्हणाला, आत्या काय परत येणार आहे का, उगीच मोकळी खोली धरून बसायची. मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. शेवटची ओळ वाचल्यावर त्याने हार काढून ठेवला. मग पलंगाची एक बाजू धरली आणि म्हणाला, "दुसरी बाजू कोण धरणार, चष्मेवाला?"

खुर्ची वेतवाल्याकडे दिली आहे. कडी कार्यकर्त्यांनी तोडली होती, सुताराला सांगितलं आहे.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला देणं भाग पडेल, आणि मला ती तशी नको आहे.

पट्टी

---

२० मार्च

पट्टी,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

नाव नव्याने घालायचा फॉर्म ताईच्या मुलाने काढून दिला, मी भरला. सध्याचा पत्ता: तळमजला, रस्त्याकडची खोली. मला माहीत आहे, म्हणून लिहिला.

एक तारखेला येते. ताई रडली. मी म्हटलं, अगं, तू मला टाकलेलं नाहीस, माझं मीच निघालेय. बाळाला बाहेर यायचंच असतं, कुणी कितीही ऊब दिली तरी.

नव्या नावाला घरी येऊन बघतात ना? तुला पाठवणार नाहीत, ते कळतं. पण तू आपली तुझ्या नियमाने ये. तुझ्याशी बोलेन की नाही, ते आत्ता सांगत नाही.

आत्या

---

६ एप्रिल
(दाराखालून)

आत्या,

तू खाली आहेस, मी दोन मजले वर, आणि तरी पत्र लिहिते आहे.

एक तारखेला दादाने तुला स्टेशनवरून आणलं तेव्हा मी ग्रंथालयात होते. रजा काढता आली असती, काढली नाही. संध्याकाळी आले तर तुझं दार बंद होतं. दोन तारखेला सकाळी पहिली फेरी केली. टकटक केली, थांबले. आत कप ठेवल्याचा आवाज आला. दार उघडलं नाहीस. चार तारखेला संध्याकाळी दुसरी फेरी. खुर्ची करकरली. तू तिथेच बसून होतीस. मी पाच मिनिटं उभी होते, मग वर गेले.

काल पडताळणीला ऑफिसातून बाई आल्या. तुझं त्यांच्याशी हसणं मला जिन्यात ऐकू आलं. दूधवाल्याशी बोलतेस, दादाशी बोलतेस, वहिनी सांगत होती की चष्मेवालासुद्धा येऊन तुझ्या चष्म्याचा नंबर तपासून गेला. त्यांच्यासाठी दार उघडतं. माझ्यासाठी का उघडत नाही, ते मला समजतं. तक्रार करत नाही.

उद्या सकाळी नऊला तिसरी फेरी. उघडलं नाहीस तर मी दारावर काहीही चिकटवणार नाही. चौथ्यांदा येईन. चौथी फेरी कुठल्याही नियमात नाही, ती माझी माझी आहे.

पट्टी

---

(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, वहिनीच्या हाती वर पाठवलेलं)

पट्टी,

बहिऱ्या बाईच्या दारावर टकटक करतेस?

सुतार अजून आलेला नाही. कडी नाही, दार नुसतं लोटलेलं आहे, पहिल्या दिवसापासून. दूधवाला ढकलून येतो, दादा ढकलून येतो, ती ऑफिसची बाईसुद्धा ढकलून आली. मी सहा दिवस खुर्चीत बसून दाराकडे बघतेय, की ही पोरगी एवढी कसली मिजास करते, येत कशी नाही.

राग गेलेला नाही. तो तोंडावर सांगायचा आहे, कागदावर नीट उतरत नाही. नऊपर्यंत थांबायचं कारण नाही. आत्ता ये. आणि बाहेर उभी राहू नकोस.

ढकल.

आत्या